के कंपनीची अकरा मतं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या लग्नाच्या पंगतीत जिलबी गार आहे म्हणून मी आचाऱ्याशी भांडलो होतो, असं गिरिजा, म्हणजे माझी बायको, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. जिलबी गारच होती. पण २००५ साली मी जो राग केला त्याबद्दल ती कोणाला काही सांगत नाही, आणि मीही आजवर सांगितलेलं नाही.

अमेरिकेत दीडशे वर्षांपूर्वी यादवी युद्ध झालं. उत्तरेचे निळे कोट, दक्षिणेचे करडे. ते कधीच संपलं, पण इथली हजारो माणसं दर उन्हाळ्यात ते पुन्हा लढतात. शनिवार-रविवारी एखाद्या शेतावर तंबू ठोकतात, जुलैच्या उन्हात लोकरीचे कोट घालतात, बंदुकीत नुसती दारू भरून बार काढतात आणि गवतात पडून मरतात. आणि प्रेक्षक घडीच्या खुर्च्या टाकून लिंबू सरबत पीत बघतात. हसू येतं ना? मलाही यायचं. नंतर मी त्यातच तीन वर्षं काढली.

मी पुण्याचा, जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनमधल्या एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारा. २००२च्या एप्रिलमध्ये आई-बाबा आले होते म्हणून त्यांना पेनसिल्व्हेनियातली एक जुनी रणभूमी दाखवायला घेऊन गेलो. अकरा सप्टेंबरचे हल्ले ताजे होते, तेव्हा सावळा माणूस आणि हातात कॅमेरा एवढं लोकांना पुरायचं. दोघंजण आले आणि कसले फोटो काढतोयस, कशासाठी, लायसन्स दाखव, असं सुरू झालं. ते पोलीस नव्हते, कोणीच नव्हते, पण बाबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात निळ्या कोटातला, पांढऱ्या दाढीचा एक उंच म्हातारा मधे आला. "हा माझ्या पलटणीतला आहे," म्हणाला. दोघं निघून गेले. म्हाताऱ्याने आईला वाकून नमस्कार केला, बाबांना तंबूत नेऊन कॉफी पाजली आणि मला म्हणाला, "मी खोटं बोललो. आता तू ते खरं करायला हवंस."

ते डेल हफमन. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, आणि आमच्या ब्रिगेडचे जनरल. मी त्यांच्या पायाशी पडायचाच बाकी होतो.

व्हिसावर असताना बंदुकीला हात लावायची माझी हिंमत नव्हती. म्हणून डेलनी मला अ‍ॅडज्युटंट केलं. नाव भारदस्त असलं तरी अ‍ॅडज्युटंट म्हणजे पलटणीचा कारकून. हजेरी, तंबूंचा नकाशा, हुकूम मोठ्याने वाचणं, डेलची पत्रं लिहिणं. डेलचं स्पेलिंग दिव्य होतं, त्यामुळे त्यांचं प्रत्येक पत्र मीच लिहायचो. लढाईत कोणी कधी मरायचं तेसुद्धा मी ठरवायचो. तीन-तीन तास गाडी चालवत आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत मरायला तयार नसतो, सगळे शेवटपर्यंत उभे. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले पहिल्या फैरीला पडणार, एप्रिल ते जून दुसऱ्या. मरणाचा प्रश्न सुटला म्हणून डेलनी माझी पाठ थोपटली.

मी विनयलाही ओढला. विनय नागपूरचा, आमच्याच बिल्डिंगमध्ये बाविसाव्या मजल्यावर, आम्ही चौदाव्या. सकाळी एकाच गाडीने नदीखालून ऑफिसला जायचो, संध्याकाळी एकाच गाडीने परत. त्याची बायको सुलभा आणि गिरिजा एकमेकींकडे न विचारता भाजी पाठवायच्या. मला पहिल्यांदा निळ्या कोटात बघून तो म्हणाला होता, "काय करून राहिला बे तू, बँडवाला दिसतोस." दुसऱ्या महिन्यात तोही बँडवाला झाला.

आमची के कंपनी. ब्रिगेडमध्ये पाच कंपन्या, आणि बाकी चार जणींना जो नको तो आमच्याकडे. आम्ही पाच देशी, एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर बॉब, एक परिचारक, दोन भाऊ जे एकमेकांशी बोलायचे नाहीत, असे मिळून बारा. डेलनी ही कंपनी मोठ्या हौसेने बांधली होती. "के मोडली तर मी घरी जाईन," असं ते चारचौघांत म्हणायचे.

मोडायला टपलेला माणूस होता वॉल्ट किमेल. व्यवसायाने दातांचा डॉक्टर, ब्रिगेडमध्ये डेलच्या हाताखालचा कर्नल. दोघांचं वीस वर्षांचं वैर होतं. आधी सलाम कोणी ठोकायचा, घोड्यावर कोण बसणार, नकाशा कोणाच्या टेबलावर उलगडायचा. दोघांचे तंबू रस्त्याच्या दोन बाजूंना, दोघांच्या कॉफीच्या किटल्या वेगळ्या. शिंदे-होळकरांचं वैर शाळेत पाठ केलेल्या आम्हाला यात नवीन काही नव्हतं, फक्त इथे दोघं भांडून झालं की आपापल्या गाडीचा एसी लावून घरी जायचे.

किमेलचं म्हणणं, पाच अर्धवट कंपन्यांपेक्षा तीन भरलेल्या बऱ्या. १८६४च्या मार्चमध्ये उत्तरेच्या खऱ्याखुऱ्या सैन्यातही पाच कोअर, म्हणजे फौजेचे मोठे भाग, मोडून तीन केल्याच होत्या, आपणही तसंच करू. कागदावर त्याचं बरोबर होतं. पण मोडायच्या दोन कंपन्यांत पहिलं नाव के. दरवर्षी जानेवारीत जनरलची निवडणूक व्हायची, आणि २००५च्या जानेवारीत किमेल उभा राहणार होता. तो जिंकला तर के संपली. डेल जिंकले तर के राहिली. एवढं सरळ होतं सगळं.

निवडणूक व्हायची अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, आमच्यापासून तीन तासांवर, भर बर्फात. म्हणून के कंपनीची माणसं दर वेळी आपल्या मताची प्रॉक्सी माझ्या नावावर लिहून द्यायची. मी जाऊन मतं टाकायचो, हॉटेलात पॅनकेक खाऊन परत यायचो. कोणी कधी विचारलंही नाही की कोणाला टाकलंस.

त्या वर्षी मी भारतात होतो. आधी व्हिसाचा शिक्का इथेच टपालाने मिळायचा, ते २००४च्या उन्हाळ्यात बंद झालं. आता मुंबईला जाऊन रांगेत उभं राहायचं. डिसेंबरच्या शेवटी गेलो, खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट ठेवून घेतला आणि हातात एक चिठ्ठी दिली. चौकशी चालू आहे, कळवू. कधी, ते नाही.

मी घाबरलो. नोकरीसाठी घाबरलोच, पण खोटं कशाला सांगू, के कंपनीसाठीही घाबरलो. तीन जानेवारीला पुण्याहून डेलना फोन केला. "घाबरू नकोस, श्री," ते म्हणाले. "इकडचं मी बघतो." त्यांचा आवाज ऐकून मला बरं वाटलं.

प्रॉक्सी विनयच्या नावावर करायला हव्या होत्या. त्यासाठी एक सहीचं पत्र. नेमकी इथेच मी माती खाल्ली. इथल्या कोणीही लिहिलं असतं, 'ही अकरा मतं डेल हफमन यांना द्यावीत.' एक ओळ. माझा हात तसं लिहायला धजेना. विनय पत्र सभेत घेऊन जाणार, डेलची नजर त्यावर पडणार. त्यांच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाला कागदावर असं बांधून टाकायचं, जणू माझा त्यांच्यावर भरवसा नाही? मी लिहिलं, 'मतं डेल हफमन सांगतील त्याप्रमाणे द्यावीत.' वाचून मला स्वतःचं कौतुक वाटलं. किती अदबीने लिहिलंय. पत्र फॅक्स केलं आणि आईच्या हातची पुरणपोळी खाल्ली.

निकालाची ईमेल आली तेव्हा मी सायबर कॅफेत होतो. किमेल एक्केचाळीस, हफमन तेहेतीस. खाली सभेचं इतिवृत्त होतं. प्रॉक्सीची मतं आमच्याकडे नावानिशी मोठ्याने वाचतात आणि तशीच लिहून ठेवतात. 'के कंपनीची अकरा मतं, श्रीरंग यांच्या सहीने, विनय यांच्यामार्फत: किमेल.' त्याखाली, 'विनय, स्वतःचं मत: हफमन.'

माझ्या डोक्यात सणक गेली. ती अकरा मतं डेलना गेली असती तर चव्वेचाळीस विरुद्ध तीस. विनयने के कंपनी विकली, तीही माझी सही वापरून, आणि वर स्वतःचं एक मत डेलना टाकून हात झटकून मोकळा झाला. आठवड्याने कळलं की किमेलच्या नव्या रचनेत विनयला सार्जंटचे पट्टे मिळाले. आता पुरावा तरी आणखी काय हवा होता?

मला तो विश्वासघात अंगावर आल्यासारखा झाला. जेवण जाईना. जो माणूस रोज माझ्या शेजारी उभा राहून पेपर वाचायचा, त्याने केसाने गळा कापला. आणि डेलच्या नजरेत मी कोण? ज्या माणसाने माझ्या बापाला चारचौघांत अपमानातून सोडवलं, त्याच्याशी बेइमानी करणारा. डेलना फोन करायला मी चार वेळा कार्ड खरवडलं आणि चारही वेळा फोन ठेवला. बॉबची एक ईमेल आली, दोन ओळींची. 'आम्ही मत तुला दिलं होतं. तू असं करशील वाटलं नव्हतं.' विनयच्याही तीन आल्या, शिक्का मिळाला का, कधी येतोस. मी उत्तर दिलं नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीला परत आलो. दुसऱ्याच रविवारी विनयच्या मुलीचा तिसरा वाढदिवस, बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये. गिरिजा म्हणाली, "जायलाच हवं, पण तिथे तोंड उघडू नकोस. आधी त्याला एकट्याला गाठून विचार." मी हो म्हणालो. केक कापून झाला. विनय माझ्यासाठी समोशांची प्लेट भरून घेऊन आला आणि म्हणाला, "काय बे, इतका वाळला? मुंबईत काही खाल्लं नाही का?"

"माझी सही किती मतांना विकलीस?" मी विचारलं. हळू नाही विचारलं.

खोलीत पंचवीस-तीस माणसं होती, सगळी आपली. मग मी सुटलो. परक्या माणसाने परक्या देशात जवळ केलं आणि आपल्या माणसाने तीन पट्ट्यांसाठी त्याचा घात केला. नागपूरहून इथवर आलास ते हेच करायला का, असंही म्हणालो. सुलभा रडायला लागली. तिची मुलगी आईकडे बघून रडायला लागली. विनय हातात प्लेट धरून उभा होता. तो एवढंच म्हणाला, "श्री, डेलशी बोलला का तू?"

"कुठल्या तोंडाने बोलू? तू ठेवलंस का मला तोंड?"

त्याने प्लेट टेबलावर ठेवली. मला वाटलं, बोलायला आहेच काय त्याच्याकडे. गिरिजाने माझा दंड धरून मला लिफ्टपर्यंत आणलं. त्यानंतर मी सकाळी एक गाडी आधी जायला लागलो. गिरिजा आणि सुलभाच्या भाज्या थांबल्या. विनय पलटणीत यायचा बंद झाला, पट्टे त्याने टपालाने परत पाठवले. मी म्हटलं, टोचलं असेल.

मे महिन्यात पहिली मोठी लढाई होती, एका गाईंच्या शेतावर. नव्या रचनेचा हुकूम दुपारी तीनच्या संचलनात वाचला जाणार होता आणि तो वाचायचा मी, कारण अ‍ॅडज्युटंट अजून मीच होतो. सकाळी पोचलो तर डेल मला लांबून दिसले. खांद्यावर दोन तारे. किमेलने त्यांना 'इन्स्पेक्टर जनरल' असं काहीतरी केलं होतं आणि संचलनात ते घोड्यावर असणार होते. मला वाटलं, हरलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडाला पानं पुसली.

मी त्यांच्या शेकोटीपाशी गेलो. के कंपनीचे सगळे तिथेच कॉफी पीत होते. बॉबने मान फिरवली. मी म्हणालो, "जनरल, मला माफी मागायचीय." डेल उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "श्री लांब होता. त्याने चुकीच्या माणसावर विश्वास टाकला. माझ्या मनात त्याच्याबद्दल काहीही नाही, आणि तुमच्याही मनात नसावं."

बॉबने येऊन हात मिळवला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी रडलो, अगदी हुंदके देऊन, माझ्यासारखा तिरसट माणूस. इतकं मोठं मन मी कोणाचं पाहिलं नव्हतं. या माणसासाठी मी विनयला तोडलं ते योग्यच केलं, असं त्या वेळी मला वाटलं, हेही लिहून ठेवतो.

दुपारी बाराला किमेलने मला तंबूत बोलावलं. हुकूम टाइप करून आणला होता, नावं तपासायची होती. त्याने जाडजूड फोल्डर माझ्या हातात दिला. "यात सगळं आहे, जानेवारीपासूनचं. हवं ते घे," म्हणाला आणि कोणाचा तरी दुखरा दात बघायला बाहेर गेला. सुट्टीच्या दिवशीही त्याला तोंडं उघडून दाखवायचे लोक.

फोल्डरमध्ये तिसरा कागद वहीचं रेघांचं पान होतं. पेन्सिलने लिहिलेलं, स्पेलिंगच्या चुकांनी भरलेलं. अक्षर मी ओळखलं. चार जानेवारी, म्हणजे माझ्या फोनच्या दुसऱ्या दिवशी.

'वॉल्ट, के च्या अकरा प्रॉक्सी तुला मिळतील. विनयला मी सांगतो. श्री तिकडे अडकलाय ते बरं झालं, तो इथे असता तर हे जमलं नसतं. मी उभा राहीन पण प्रचार करणार नाही. मला दोन तारे आणि मे महिन्यात घोडा. के ची पोरं कुठेही वाटून टाक, ती कुरकुर करणाऱ्यांतली नाहीत. हे आपल्या दोघांत राहू दे. डेल.'

मी ते तीनदा वाचलं. किमेल परत आला तेव्हा मी ते पान त्याच्यासमोर धरलं. त्याने चष्मा वर केला. "हो, मग? मला वाटलं एव्हाना तुला कळलं असेल. त्याची सगळी पत्रं तूच लिहितोस ना?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने नजर खाली घातली. तीन वर्षं ज्याला आम्ही खलनायक म्हणत आलो, त्या एकट्यालाच त्या दिवशी माझ्यासमोर लाज वाटली.

डेल घोड्यापाशी होता. हो, होता. आजवर मी त्याला मनातल्या मनातसुद्धा अहोजाहो करत आलो, इथून पुढे जमणार नाही. तो खोगिराचा पट्टा आवळत होता. मी कागद पुढे केला. त्याने तो बघितला, घडी घातली आणि मला परत दिला. दचकलाही नाही.

"वॉल्टने जपून ठेवायला नको होतं," एवढंच म्हणाला.

"का?" मी विचारलं.

"मी सत्तरीला आलो, श्री. वॉल्ट या वर्षी नाही तर पुढच्या खेपेला जिंकलाच असता. तेव्हा मला नुसतं घरी पाठवलं असतं. असं केलं तर निदान घोडा राहिला."

"मग उभं कशाला राहायचं? माघार घ्यायची."

"माघार? या सगळ्यांसमोर?" त्याने तंबूंकडे हात केला. त्याला हरणं चालणार होतं, शरण जाणं चालणार नव्हतं. आणि हरायला त्याला एक बेइमान हवा होता. तो मी पुरवला, सहीसकट.

"आज सकाळी," मी म्हणालो, "तू मला माफ केलंस. सगळ्यांसमोर."

"तुला बरं वाटलं ना त्याने?"

"आणि विनय? तो चुकीचा माणूस?"

"विनय चांगला मुलगा आहे. मी सांगितलं तसं केलं आणि शब्द पाळला." त्याने घोड्याच्या मानेवर थाप मारली. "श्री, जिवाला लावून घेऊ नकोस. हा छंद आहे. शनिवार-रविवारचा."

विनयचे आणि माझे सोमवार ते शुक्रवारही होते. ते त्याला सांगायला मी तोंड उघडलं, पण बिगूल वाजला आणि तो रिकिबीत पाय ठेवून वर चढला. घोड्यावर तो खरोखरच रुबाबदार दिसत होता.

तीन वाजता मी रांगांसमोर उभा राहिलो. एका खिशात हुकूम, दुसऱ्या खिशात ते रेघांचं पान. मी ते वाचून दाखवायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. गार जिलबीवरून भांडणारा माणूस मी. पण त्याच सकाळी याच लोकांसमोर मी त्या माणसाच्या गळ्यात पडून रडलो होतो. आता उलट बोललो तर बॉब काय म्हणाला असता? आणि पहिल्यांदा ज्याला सांगायला हवं होतं तो त्या रांगेत नव्हता. मी हुकूम वाचला. 'के कंपनी आजपासून विसर्जित. तिच्यातले शिपाई ए, सी आणि डी कंपन्यांत वाटण्यात येत आहेत.' बारा नावं वाचली. विनयचं नाव यादीत अजून होतं, तेही वाचलं. कोणी ओ दिली नाही.

लढाईला मी थांबलो नाही. तसाच लोकरीच्या कोटात गाडीत बसलो आणि तीन तास एकही गाणं न लावता जर्सी सिटीला आलो. बिल्डिंगच्या लॉबीत एक कुत्र्यावाल्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. लिफ्टमध्ये चौदाचं बटण न दाबता बावीसचं दाबलं.

दार सुलभाने उघडलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तिच्या मागे हॉलभर खोके होते. विनय टेक्सासमध्ये फ्रिस्कोला बदली घेऊन चालला होता, हे मला आठवड्यापूर्वी गिरिजाकडून कळलं होतं, आणि मी म्हणालो होतो, बरंच झालं. तो जमिनीवर बसून एका खोक्याला चिकटपट्टी लावत होता. मी खिशातलं पान काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने दोन ओळी वाचल्या आणि परत दिलं.

"मला माहितीये," तो म्हणाला. "मीटिंगच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला होता. मतं वॉल्टला दे म्हणाले. मी म्हटलं श्रीला माहितीये का? म्हणाले, आमचं बोलणं झालंय. तुझं लेटर पुन्हा वाचलं. डेल सांगतील तसं. मी तसंच केलं. फक्त माझं मत मी त्यांनाच टाकलं, माझ्याने राहवलं नाही."

"मला ईमेलमध्ये का नाही लिहिलंस?"

"त्यांनी प्रॉमिस घेतलं होतं. श्रीला मीच सांगेन, त्याला वाईट वाटेल, तू मधे पडू नको. मी वेट करत होतो यार. बर्थडेच्या दिवशी सकाळीसुद्धा त्यांना फोन केला होता, आता तरी सांगा त्याला. हो म्हणाले."

"मग तू तिथे बोलायचं ना! मी एवढं बोलत होतो, एक शब्द टाकायचास."

"विचारलं ना तुला, डेलशी बोलला का."

हे खरं होतं. मी कोट काढायचा प्रयत्न केला, बटणं निघेनात. म्हणालो, "विनय, सॉरी. मी सगळ्यांना बोलावतो, त्याच रूममध्ये. सगळ्यांसमोर सांगतो. तुझ्या पाया पडतो हवं तर."

"नको बे." त्याने कात्रीने पट्टी कापली. "मला एकच सांग. मीटिंगच्या मिनिट्समध्ये माझं मत तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग काय वाटलं?"

त्याला आता खोटं सांगायची माझी लायकी नव्हती. "वाटलं, हात झटकायला टाकलंस."

त्याने मान हलवली, जणू हिशेब बरोबर आला. मग वर बघितलं. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. असता तर मला सोपं गेलं असतं, रागाशी मला भांडता येतं.

"तो म्हातारा असं करेल हे चार महिन्यांत एकदाही तुझ्या डोक्यात आलं नाही," तो म्हणाला. "आणि मी करेन हे यायला किती वेळ लागला? ईमेल वाचून होईपर्यंत तरी?"

तेवढाही लागला नव्हता. माझं नाव, त्याचं नाव आणि किमेल, एवढीच ओळ वाचली होती. मी तसं म्हणालो नाही, पण त्याला कळलं असावं, कारण तो उत्तराची वाट न बघता पुढच्या खोक्याकडे वळला.

मी दारातच उभा होतो. सुलभा मागून भांड्यांचा खोका उचलून आली.

"जरा सरकता का?" ती म्हणाली. "हा बाहेर ठेवायचाय."

मी सरकलो.